स्टेपनीची जागा

स्टेपनीला गाडीचा सगळा प्रवास घडतो आणि एकही किलोमीटर तिच्या खात्यावर पडत नाही. थोरल्या काकांच्या जुन्या पिकअपची स्टेपनी नारायणगावच्या बाजारातून आळेफाटा, तिथून माळशेज उतरून कल्याण आणि पुढे वाशी असा फेरा वर्षानुवर्षं करत होती. पण नव्या टायरच्या कडेला साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केस असतात ना, ते तिच्या अंगावर शाबूत होते. जावळ न काढताच म्हातारी झालेली बाई.

म्हातारी म्हणतोय ते उगाच नाही. टायरच्या कडेवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. हिच्यावर २३१२ होतं, म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा, जूनचा पहिला पंधरवडा. तेव्हापासून ती रस्त्याला टेकलीच नव्हती, आणि तेच तिच्या मुळावर आलं होतं. टायरच्या रबरात मेणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. चाक फिरतं, ओझ्याखाली दबतं, पुन्हा फुगतं, तसं ते मेण आतून वर येत राहतं आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला जपतं. जी फिरतच नाही तिच्या अंगावर ते पुरेसं येत नाही. म्हणून ग्रिप कोरी आणि कडेला तडे, असं विचित्र वार्धक्य स्टेपनीला येतं. टायर कितीही कोरा दिसला तरी दहा वर्षांनंतर तो वापरू नका, असं मोठ्या टायर कंपन्या सांगतात. हौद्याखाली वाकून ते चार आकडे वाचणारा माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही.

ती राहायची हौद्याखाली. मागच्या बाजूला, चेसीसच्या दोन दांड्यांच्या मधे, आडवी, एका साखळीला लटकलेली. साखळी डिस्कच्या मधल्या भोकातून खाली यायची, तिच्या टोकाला एक पट्टी, आणि त्या पट्टीवर सगळा भार. वर एक छोटी घिरणी. मागच्या बंपरमधल्या भोकातून लांब दांडा घालायचा, घिरणीत अडकवून फिरवायचा, की स्टेपनी अलगद खाली येते. निदान गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतल्या चित्रात तरी येते.

तिला तिथे का ठेवतात, याचं उत्तर सरळ आहे. पिकअपमध्ये हौदा म्हणजे कमाई, आणि हौद्याखालची जागा फुकट. डिस्कसकट स्टेपनीचं वजन पंचवीसेक किलो, म्हणजे टोमॅटोचा भरलेला क्रेट भरतो साधारण तेवढंच. क्रेटला भाडं मिळतं, स्टेपनीला मिळत नाही. मग वर कोण बसणार आणि खाली कोण लटकणार, हे ठरवायला इंजिनिअर कशाला हवा? या बाबतीत गाडी बनवणारे आणि आमचे काका एकाच शाळेत शिकलेले आहेत. जगभरच्या पिकअपमध्ये हीच व्यवस्था दिसते, तेव्हा शाळा बरीच मोठी असावी.

या व्यवस्थेतली खोच पंक्चर झाल्याशिवाय कळत नाही. भरलेल्या पिकअपचा भार मागच्या चाकांवर, त्यामुळे बसतंही बहुधा मागचंच चाक. मागचं चाक बसलं की गाडीची मागची बाजू खाली येते. आणि स्टेपनी लटकलेली असते नेमकी त्या खाली आलेल्या भागाच्या पोटाशी. म्हणजे जिच्यावाचून अडलंय ती अडलेल्या वेळीच सगळ्यात दुर्लभ. आधी जॅक लावून गाडी उचला, मग खाली सरपटत जा, आणि जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोकं घाला. हे शेवटचं कधीही करू नये असं सगळे सांगतात आणि रात्री रस्त्यावर सगळे करतात.

टोकावड्याच्या पुढे आमच्या दादाने, म्हणजे काकांच्या मुलाने, तेच केलं. पावसाळ्याचे दिवस, मागचं डावं चाक बसलेलं, हौद्यात कोथिंबीर आणि टोमॅटो. कोथिंबिरीला थांबायला वेळ नसतो. बंपरच्या भोकातून घातलेला दांडा गेला खरा, पण फिरेना. अनेक पावसाळ्यांचा चिखल त्या घिरणीत जाऊन वाळला होता, त्यावर गंज चढला होता, आणि दात, साखळी, पेटी असं काही वेगळं उरलंच नव्हतं. दादाने डिझेल ओतलं, हातोडीने ठोकलं, शिव्या दिल्या. स्टेपनी ढिम्म. अखेर मागून आलेला एक ट्रकवाला थांबला. त्याच्याकडे हेक्सॉ होती. त्याने साखळी कापली आणि स्टेपनी धप्पकन चिखलात पडली. आता हवा बघायची. ती अर्थातच नव्हती. कुठलाही टायर पडून राहिला तरी महिन्याला पौंड-दोन पौंड हवा सोडतोच, आणि ही कधीपासून तशीच होती. पुन्हा ट्रकवालाच कामाला आला. मोठ्या ट्रकला एअरब्रेकसाठी हवेची टाकी असते. तिला नळी जोडून त्याने स्टेपनीत हवा भरली, पैसे घेतले नाहीत, आणि जाताना एवढंच म्हणाला, “भाऊ, हिला वर घ्या.”

तडकलेल्या कडांची ती स्टेपनी मुरबाडपर्यंत हळूहळू आली. तिच्या आयुष्यातली ही एकच नोकरी.

खरं तर ही काही अशी लपून राहणाऱ्या घराण्यातली नव्हे. तिचं मूळ वेल्समधल्या लानेली गावचं. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवरच्या टॉम आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली. तोवर मोटारी जादा चाकाशिवायच मिळत, आणि पंक्चर झालं की साहेबाने कोट काढून रस्त्यातच टायर उकलून बसायचं. डेव्हिस बंधूंची पहिली स्टेपनी म्हणजे आरे आणि तुंबा नसलेली नुसती धाव, तिच्यावर हवा भरलेला टायर. बसलेलं चाक काढायचंच नाही, त्याच्या अंगाला ही बाहेरून आवळायची आणि गाडी हाकायची. पुढे अख्खं चाकच बरोबर नेण्याची रीत पडली, आणि मग तिचे मानाचे दिवस आले. १९२०-३० च्या दशकांतल्या संस्थानिकांच्या मोटारींचे फोटो पाहा. पुढच्या मडगार्डला खास खळगा करून स्टेपनी उभी बसवलेली, कधी दोन्ही बाजूंना एकेक, वर चकचकीत आवरण. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपने तिला पाठीवर घेतलं, उघड्यावर, नट सैल केले की हातात. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये तर तिला पगारी काम होतं. पुढच्या काचेवर पाणी उडवायला जो दाब लागायचा तो स्टेपनीतल्या हवेतून घेतलेला. बसल्या जागी काम करणारी ही मला माहीत असलेली एकमेव स्टेपनी.

त्यानंतर उतरण लागली. डिकीत सतरंजीखाली, मग गाडीच्या पोटाखाली, मग ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नका असा शिक्का मारलेलं बारकं तात्पुरतं चाक. २०२० साली आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या लहान प्रवासी गाड्यांत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल. शहरातल्या गाडीला ते ठीक आहे. माळशेजच्या पायथ्याशी टायरची कड फाटली तर किटमधला चिकट द्रव काय करणार, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तर हिला वर घ्यायचं ठरलं. आळेफाट्याच्या अलीकडे एक वेल्डिंगवाले मिस्त्री आहेत. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या, नांगराचे फाळ, कांदाचाळीच्या जाळ्या, सगळं त्यांच्याकडे येतं. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, “बसवायची कुठं?”

दादा म्हणाला, “मागं फाळक्यावर.”

“फाळका उघडतोस का नाही दिवसभर? पंचवीस किलो त्याच्या बिजागरीवर टांगलेस तर महिन्याभरात फाळका आणि बिजागरी दोन्ही माझ्याकडंच येतील. माझं काय, मी जोडून देईन.”

काकांचा डोळा टपावरच्या कॅरिअरवर होता. तिथे जागा फुकट. मिस्त्री म्हणाले, “चढवायला दोघं मिळतील काका. रात्री रस्त्यात उतरवणार कोण? तेही एकट्यानं?” हौद्याच्या बाहेरच्या अंगाला लावावी तर गाडीची रुंदी वाढते, कुणाच्या तरी मोटरसायकलला घासते, आणि पासिंगला अडतं ते वेगळंच. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग. काका त्याला लग्नाच्या तारखेइतके भितात.

राहिली एकच जागा. हौद्याच्या आत, अगदी पुढे, केबिनच्या पाठीला लागून उभी. काकांनी मनातल्या मनात क्रेट मोजले. टायरची रुंदी वीसेक सेंटिमीटर, म्हणजे पुढची रांग पुरी बसणार नाही.

“दर खेपेला क्रेट कमी भरायचा, मिस्त्री. वर्षाचा हिशोब केलात का?”

“आणि त्या दिवशी कोथिंबीर किती वाजता पोचली, त्याचा केलात का तुम्ही?”

काका गप्प झाले. माझ्या आठवणीत पैशाच्या विषयावर ते पहिल्यांदाच गप्प झाले असावेत. कोथिंबिरीची जुडी उशिरा बाजारात पोचली की तिचं काय होतं, हे त्यांना दुसऱ्याने सांगायला नकोच होतं.

मिस्त्रींचं काम बघण्यासारखं होतं. त्यांनी मोजपट्टी बाजूला ठेवली. एक चाक काढलं, उघड्या ड्रमच्या बोल्टच्या टोकांना ग्रीस लावलं आणि त्यावर पुठ्ठा दाबला. पाच काळे ठिपके उमटले. त्या पुठ्ठ्यावरून ८ मिलीच्या प्लेटला खुणा केल्या. भोकं मात्र तीनच पाडली. दादाने विचारलं, तर म्हणाले, “वजन बोल्टवर टाकायचंच नाही. खाली ओटा करतो. टायर ओट्यावर उभा राहील, बोल्ट नुसते धरून ठेवतील.” हा एवढा विचार भल्याभल्या स्टँडमध्ये नसतो. सगळं ओझं बोल्टवर टांगलं की प्रत्येक खड्ड्याला त्यांना हिसका बसतो आणि एक दिवस प्लेट वेल्डिंगपाशी चिरते.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. स्टँडचे बोल्ट त्यांनी गाडीच्या चाकाचेच वापरले आणि नटही तेच, आतून तिरक्या तोंडाचे. तिरकं तोंड डिस्कच्या भोकातल्या उतारात बसतं आणि चाक आपोआप मधोमध येतं. पण मिस्त्रींच्या मनात दुसरंच होतं. “स्टेपनी सोडवायला वेगळा पाना लागला, की तो पाना घरी राहतो,” ते म्हणाले. आता चाक काढायला जो पाना लागतो त्यानेच स्टेपनी सुटते, आणि एखादा नट रस्त्यात हरवला तर स्टँडवरचा एक उसना घेता येतो.

४० बाय ४० च्या अँगलची चौकट तयार झाली. ती चेसीसला वेल्ड करावी असं दादाचं मत होतं, म्हणजे हलायची बातच नको. मिस्त्रींनी हात जोडले. चेसीसच्या दांडीला वेल्डिंगची आच लागली की त्या जागचं पोलाद आपला गुण सोडतं, आणि पुढे तडा तिथूनच जातो. म्हणून चौकट हौद्याखालच्या आडव्या चॅनलला बोल्टने आवळली, आणि वरचं टोक हौद्याच्या पुढच्या पत्र्याला. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर पत्रा फाटतो, तेव्हा पलीकडून तळहाताएवढी पट्टी टेकू म्हणून लावली. मधे जुन्या ट्यूबचं रबर. नट नायलॉक, म्हणजे खडखडाटाने सैल होणार नाहीत. गाडीवरच जे थोडंसं टाके मारण्याचं वेल्डिंग होतं त्याआधी त्यांनी बॅटरीची वायर काढायला लावली, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. दादाला हे माहीत नव्हतं. मलाही. काकांना सगळं माहीत असल्यासारखं त्यांनी मान डोलावली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो खोलीच्या हिशोबात. डिस्क पसरट वाटीसारखी असते. प्लेट जास्त पुढे आली, तर टायर चौकटीला टेकत नाही, नुसता बोल्टवर डुलत राहतो. फार मागे गेली, तर नट पोचत नाही. नट आवळताना टायर चौकटीवर किंचित दबला पाहिजे, रबराचा तो दाबच नटांना जागचं हलू देत नाही. मिस्त्री एकेक वायसर घालून बघत होते, टायरला बुक्की मारून कान लावत होते. तिसऱ्या की चौथ्या वायसरला आवाज बदलला. “आता बस,” ते म्हणाले, ते आम्हाला की टायरला, कळलं नाही. रेड ऑक्साइड, त्यावर काळा रंग, आणि एक ताकीद: पहिल्या खेपेनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे, रंग आणि रबर दबून जागा सैल होते.

ओट्यावर पहिली बसायची ती मात्र २०१२ ची नव्हती. पंक्चर काढणाऱ्याने तिच्या कडांवर अंगठा दाबून तडे उघडून दाखवले होते आणि मागच्या चाकाला लावायला साफ नकार दिला होता. काकांनी तिला टाकलं नाही. आमच्या घरात टायर टाकत नाहीत. कांदाचाळीच्या कोपऱ्यातल्या खांबाला तिला आडवी बांधली, गाडी मागे घेताना खांबाला धडक बसू नये म्हणून. केस अजून अंगावर आहेत. दादाने गाडी मागे घेतली की दबते, फुगते. या वयात तिला व्यायाम मिळाला.

स्टँडवर आली ती पुढच्या चाकातली अर्धी झिजलेली. नवीन जोडी पुढे गेली म्हणून ती सुटी झाली होती. हवा भरायचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवलं होतं, हौद्याखाली ते वर, गाडीच्या पोटाकडे होतं आणि स्टेपनी काढल्याशिवाय हवा तपासताच यायची नाही. आता पंपावर चार चाकांबरोबर पाचव्याचीही हवा बघितली जाते. मागच्या चाकाइतकी भरायची, हा मिस्त्रींचा नियम. जास्त असेल तर रस्त्यात सोडता येते, कमी असेल तर आणायची कुठून?

दिसायला लागल्याबरोबर तिचा भाव बदलला. धाब्यावर कुणी उचलून नेऊ नये म्हणून साखळी-कुलूप आलं, आणि कुलपाला महिन्यातून एकदा तेलाचा थेंब, कारण गंज काय घिरणीलाच चढतो असं नाही. दादाची पोरं रिकाम्या हौद्यात ओट्यावर पाय ठेवून चढतात आणि टायरच्या भोकातून एकमेकांना बघतात. केबिनची मागची काच तिने अर्धी झाकली, याबद्दल दादाने तक्रार केली. पण माल भरल्यावर त्या काचेतून दिसायचे ते क्रेटच. दसऱ्याला चार चाकांना हळदीकुंकू लावताना काकूंनी आपण होऊन पाचव्यालाही लावलं आणि उरलेली झेंडूची माळ डिस्कच्या मधल्या भोकातून ओवली. या आधी तिच्यापर्यंत ताट न्यायला काकूंना गाडीखाली आडवं व्हावं लागलं असतं.

काही महिन्यांनी बेल्ह्याजवळ मागचं चाक पुन्हा बसलं. दादा एकटा होता. त्याने पाना घेतला, तीन नट सोडले, फाळक्यापर्यंत स्टेपनी हौद्यात लोळवत आणली. त्या दिवशी हौदा रिकामाच होता, भरलेला असता तर पुढच्या रांगेचे क्रेट आधी हलवावे लागले असते. काम एवढ्यात आटोपलं की घरी सांगण्यासारखं काही उरलं नाही, आणि दादाला त्याचं थोडं वाईट वाटलं असावं. टोकावड्याची गोष्ट तो अजून सांगतो.

पण त्या दिवसापासून एक गोष्ट सुरू झाली. बसलेलं चाक पंक्चर काढून परत आलं, तेव्हा चाललेलं चाक काढून जुनं बसवायचा कंटाळा म्हणून तेच स्टँडवर चढलं. पुढच्या वेळी आणखी एक. पाच चाकं पाळीपाळीने ओट्यावर बसून उतरतात, पाचही रस्त्याला लागतात, पाचही झिजतात. वर्षानुवर्षं एकच चाक स्टेपनी होतं ते साखळी निघत नव्हती म्हणून. आता स्टेपनी हे गावच्या सरपंचासारखं पद झालं आहे, ज्याची पाळी त्याचं. गोटा होत आलेला टायर कोणता, कुणाची कड सुजली, कुणाला आतून गेटर मारला आहे, हे काकांना तोंडपाठ असतं, कारण ओट्यावर बसलेला टायर रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

क्रेटचा हिशोब त्यांनी सोडलेला नाही. पुढच्या रांगेत स्टेपनीच्या दोन्ही अंगांना जी मोकळी जागा राहते, तिथे त्यांनी कोथिंबिरीच्या जुड्या उभ्या खोचायला सुरुवात केली आहे. मिस्त्रींनी बघितलं तर रागावतील, कारण ओल्या जुड्यांचं पाणी ओट्यावर साचतं आणि रंगाचा पापुद्रा सुटायला लागला आहे. दादाने ओट्याला खालून दोन भोकं पाडून घ्यायचं ठरवलंय. ड्रिल मात्र मिस्त्रींकडेच आहे.